समुद्राच्या बुडाला लावलेला गेज

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करतो, आणि आमच्याकडे टाकीत पाणी किती आहे हे कोणी वर चढून झाकण उघडून बघत नाही. टाकीच्या बुडाशी एक नोझल असतं, त्याला प्रेशर ट्रान्समीटर लावलेला असतो, वर जेवढं पाणी तेवढा बुडाशी दाब, बस्स. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो (आम्ही नुसतं किलो म्हणतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो), पाच मीटर म्हणजे अर्धा किलो, आणि कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर लेव्हल दिसते. पंधरा वर्षं मी हे ट्रान्समीटर लावतोय, काढतोय, कॅलिब्रेट करतोय. त्यामुळे समुद्राच्या तळाशी अगदी हेच काम करणारा सेन्सर असतो आणि तो त्सुनामी पकडतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोपच आली नाही. गेले काही महिने जे सापडेल ते वाचतोय, ते सगळं डोक्यात साठलंय म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, पण वाचा.

चार हजार मीटर खोल समुद्र घ्या. बुडाशी दाब झाला चारशे किलो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटच्या आठ गोण्या. आणि एवढ्या ओझ्याखाली बसलेल्या त्या सेन्सरला वरच्या पाण्याची उंची एका मिलिमीटरने बदलली तरी कळतं. चारशे किलोमध्ये एक मिलिमीटर पाणी म्हणजे चाळीस लाखातला एक भाग. आमच्या प्लांटमध्ये शून्य पूर्णांक एक टक्क्याचा ट्रान्समीटर चांगला मानतात, म्हणजे हजारातला एक, त्यावरून अंदाज करा. (बारीक फरक दिसणं आणि मोजलेला आकडा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यावर पुढे येतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.)

हे जमतं कसं, तर क्वार्ट्झमुळे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला पॅरोसायंटिफिक नावाची कंपनी आहे, १९७२ साली जेरी पॅरोस यांनी सुरू केलेली, जगातल्या बहुतेक त्सुनामी सेन्सरच्या पोटात त्यांचं हे यंत्र असतं. आपल्या साध्या गोल डायलच्या गेजमध्ये असते तशी बोर्डन ट्यूब आतमध्ये असतेच, दाब वाढला की ती उलगडायला बघते, फक्त इथे ती काट्याला ढकलत नाही तर क्वार्ट्झच्या एका छोट्या पट्टीला ताण देते. ती पट्टी सेकंदाला तीस-चाळीस हजार वेळा थरथरत असते आणि ताण बदलला की थरथरायचा वेग बदलतो. तंबोऱ्याची खुंटी पिळली की सूर चढतो ना, तसंच. मग दाब मोजायचा म्हणजे थरथर मोजायची, आणि वेळ मोजणं ही तर माणसाला सगळ्यात अचूक जमणारी गोष्ट. तापमानानेही सूर हलतो म्हणून तापमान मोजायला शेजारी दुसरा क्वार्ट्झ.

आता कोणी म्हणेल की समुद्रावर एवढ्या लाटा असतात, पावसाळ्यात तर पाच-सहा मीटरच्या, मग खालच्या सेन्सरला त्यात मिलिमीटर कसा कळणार. तर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा खालपर्यंत पोचतच नाहीत. लाटेच्या दोन माथ्यांमध्ये जेवढं अंतर त्याच्या निम्म्या खोलीवर गेलं की पाणी जवळजवळ शांत, म्हणजे शंभर-दोनशे मीटरच्या खाली वादळसुद्धा विझतं. त्सुनामी तशी नाही. तिच्या दोन माथ्यांत शंभर-दोनशे किलोमीटर अंतर असतं, त्यापुढे चार किलोमीटरचा समुद्र म्हणजे परातीतलं पाणी, त्यामुळे वरपासून तळापर्यंत सगळंच्या सगळं पाणी हलतं. खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटरने पळते पण उंची असते वीतभर, कधी हातभर. बोटीवरच्या माणसाला काहीच कळत नाही. बुडाशी बसलेल्या गेजला मात्र स्वच्छ दिसतं, कारण लाटांचा गोंगाट वरच गाळला गेलाय. समुद्रच फिल्टरचं काम करतो. मला हे फार आवडलं.

अमेरिकेच्या नोआ या संस्थेने यावरून डार्ट नावाची यंत्रणा उभी केली. तळाशी सेन्सर, तो आवाजाच्या लहरींनी वर पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाशी बोलतो, बोया सॅटेलाइटला सांगतो. सेन्सर दर पंधरा सेकंदांनी दाब मोजतो, मागच्या काही तासांच्या भरती-ओहोटीवरून आत्ता पाणी किती असायला हवं याचा हिशोब स्वतःच करतो, आणि हिशोबापेक्षा तीन सेंटिमीटरचा फरक लागोपाठ दोनदा आला की बाकीचं सोडून पटापट आकडे पाठवायला लागतो. कितीतरी वेळा आधी भूकंपाची थरथरच येऊन त्याला जागं करते, लाट मागाहून येते.

याचा उपयोग काय झाला ते १७ नोव्हेंबर २००३ च्या एका उदाहरणावरून बघा. अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या रांगेत रॅट आयलंड्सजवळ ७.८ चा भूकंप झाला. १९८६ साली त्याच रांगेत ८ चा झाला होता तेव्हा हवाईमधले किनारे रिकामे केले होते, ऑफिसं बंद, लोक डोंगरावर, आणि लाट आलीच नाही म्हणावी इतकी लहान. २००३ ला मात्र वाटेत डार्टचा सेन्सर होता. त्याने मोजली दोन सेंटिमीटरची लाट. फक्त दोन. इशारा मागे घेतला, हवाईत कोणालाही घर सोडावं लागलं नाही, आणि नोआचा अंदाज असा की त्या एका दिवसाचे सहा कोटी ऐंशी लाख डॉलर वाचले. "काही येत नाहीये" हे खात्रीने सांगता येणं हे मला "येतंय" सांगण्याइतकंच मोठं काम वाटतं, कारण दोन-तीनदा उगाच पळावं लागलं की चौथ्यांदा माणूस पळत नाही.

आणि त्यानंतर तेरा महिन्यांनी २६ डिसेंबर २००४. तेव्हा पॅसिफिकमध्ये असे सहा सेन्सर होते आणि हिंदी महासागरात एकही नव्हता. सुमात्राजवळ आपल्या घड्याळाने सकाळी साडेसहाला तेराशे किलोमीटर लांबीचा फॉल्ट फाटत गेला, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आली नऊच्या सुमारास. मधले अडीच तास ती लाट बंगालच्या उपसागरात होती, सगळ्यांच्या समोर, आणि ती कोणाला दिसत नव्हती. जेसन नावाचा सॅटेलाइट योगायोगाने वरून गेला, त्याने भर समुद्रात साठ सेंटिमीटरची लाट नोंदवलीसुद्धा, पण ती नोंद वापरता येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मी तेव्हा डिप्लोमाला होतो, टीव्हीवर नागपट्टणम बघितलेलं अजून आठवतं. सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. अडीच तास.

पण मला ज्या नोंदीने खरं धरून ठेवलंय ती जपानची आहे, कामाइशीची. ११ मार्च २०११. कामाइशी हे ईशान्य जपानमधलं बंदराचं गाव, आणि तिथून टोकियो विद्यापीठाने १९९६ साली समुद्रात एक केबल टाकली होती, तिच्यावर दोन प्रेशर सेन्सर, नावं टीएम १ आणि टीएम २. टीएम १ किनाऱ्यापासून साधारण ७५ किलोमीटर आत, सोळाशे मीटर खोल. टीएम २ त्याच्या अलीकडे तीस किलोमीटर, हजार मीटर खोल. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. त्या दोघांचा आलेख मी प्रिंट काढून टेबलासमोर लावलाय, रोज बघतो.

आलेखात काय आहे सांगतो. सुरुवातीला भूकंपाच्या हादऱ्याचा काळा गिचमिड पट्टा. त्यातून बाहेर येता येता टीएम १ ची रेघ हळूहळू वर जायला लागते, सावकाश, घाई नसल्यासारखी, आणि काही मिनिटांत दोन मीटरपर्यंत चढते. खोल समुद्रात दोन मीटर हेच भयंकर आहे, वर लिहिलंय ना, एरवी वीतभर असते. आणि मग भूकंपानंतर साधारण अकरा मिनिटांनी ती रेघ एकदम सरळ वर उभी राहते. दोन मिनिटांत आणखी तीन मीटर. एकूण पाच मीटर. चार मिनिटांनी तेच, अगदी तसंच, तीस किलोमीटर अलीकडच्या टीएम २ वर. म्हणजे पाण्याचा तो उभा सुळका किनाऱ्याकडे चालत निघालेला दिसतोय, एका सेन्सरवरून दुसऱ्या सेन्सरकडे. आणि भूकंपानंतर अर्ध्या तासाने रेघ तुटते. सेन्सरला काही झालं नव्हतं, तो खाली शाबूत होता. केबल जिथे जमिनीवर येते ते कामाइशीतलं स्टेशन त्याच लाटेखाली गेलं.

या रेघेच्या दोन पायऱ्या म्हणजे भूकंप आतून कसा फाटला त्याची जबानीच आहे. रुंद, सावकाश चढलेली पहिली पायरी ही प्लेटच्या खोल भागात झालेल्या सरकण्याची, जिथे समुद्रतळ मोठ्या प्रदेशात थोडाथोडा वर आला. आणि ती उभी भिंत ही खंदकाच्या (एक प्लेट दुसरीच्या खाली शिरते तिथली समुद्रतळातली खोल दरी) अगदी तोंडाशी, उथळ भागात झालेल्या प्रचंड सरकण्याची, छोट्या पट्ट्यात तळ खूप उचलला गेला. त्याआधी बऱ्याच जणांचं मत होतं की खंदकाजवळची माती मऊ आहे, ती एवढी सरकणारच नाही. सरकली. पन्नास मीटरहून जास्त सरकली. हे जमिनीवरच्या यंत्रांवरून नीट कळलंच नसतं, कारण ती सगळी एका बाजूला, दोनशे किलोमीटर लांब.

त्याच वेळी किनाऱ्यावर काय चाललं होतं तेही वाचा. जपानच्या हवामान खात्याने तीन मिनिटांत, २ वाजून ४९ ला इशारा दिला, जगात कोणी एवढ्या लवकर देत नव्हतं. पण जमिनीवरच्या हादऱ्यावरून काढलेलं मॅग्निट्यूड आलं ७.९, आणि प्रत्यक्ष भूकंप होता ९. एवढे मोठे भूकंप झटपट मोजायच्या पद्धतीत मावत नाहीत, काटा एका जागी जाऊन अडकतो, आमच्या भाषेत गेज सॅच्युरेट होतो. त्यामुळे पहिला अंदाज गेला मियागीला ६ मीटर, इवातेला ३ मीटर. कामाइशी इवातेत येतं. ३ वाजून १४ मिनिटांनी किनाऱ्याजवळच्या जीपीएस बोयावरचे आकडे बघून तो वाढवला, मियागीला १० आणि इवातेला ६, पण तोपर्यंत वीज गेलेली, कितीतरी लोकांना दुसरा इशारा पोचलाच नाही. तीन मीटर ऐकून, आपल्यापुढे भिंत आहे म्हणून थांबलेली माणसं होती. अठरा हजारांहून जास्त माणसं मेली किंवा सापडली नाहीत. आणि समुद्रात त्या दोन गेजांनी लाटेची पूर्ण उंची लाट किनाऱ्यावर यायच्या आधीच मोजलेली होती. तो आलेख बघताना दर वेळी मला हेच आठवतं, आकडा होता. फक्त तसे सेन्सर दोनच होते, आणि त्यांच्या आकड्यावरून लगेच इशारा बदलायची तयारी तेव्हा झालेली नव्हती.

जपानने त्यानंतर जे केलं त्याला तोड नाही. होक्काइदोपासून टोकियोच्या खालच्या बोसो द्वीपकल्पापर्यंत समुद्रतळावर साडेपाच हजार किलोमीटर केबल आणि तिच्यावर १५० स्टेशनं, नाव एस-नेट. प्रत्येकात प्रेशर सेन्सर आणि भूकंपमापक. त्यांच्या हिशोबाने त्सुनामीची खबर पूर्वीपेक्षा वीस मिनिटांपर्यंत आधी मिळू शकते. दक्षिणेकडच्या नानकाई बाजूला डोनेट म्हणून आणखी ५१ स्टेशनं. आणि २०१३ पासून हवामान खात्याने ८ च्या वरचा भूकंप वाटला की पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा देणंच बंद केलं, सरळ "प्रचंड" असा शब्द टाकतात. कारण तो तीनचा आकडा.

मागच्या गणपतीत गावी गेलो होतो तेव्हा हे सगळं काकांना सांगत होतो. काका हर्णैचे, चाळीस वर्षं तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) होते, खोली अजून वावांत सांगतात. कान देऊन ऐकत होते, मध्ये काही बोलले नाहीत, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. "अरे पण तो तळाला बसून पाणी मोजतो ना. मग तळच उचलला गेला तर?"

मी गप्प झालो. कारण हा प्रश्न बरोब्बर तोच आहे ज्याच्याशी शास्त्रज्ञ झगडतात. समजा सेन्सर भूकंपाच्या अगदी डोक्यावर आहे आणि तळ एकदम तीन मीटर वर आला. तळाबरोबर सेन्सर वर आला, आणि त्याच्या डोक्यावरचं पाणीही तेवढंच वर उचललं गेलं. सेन्सरच्या वर पाणी किती? आधी होतं तेवढंच. गेज म्हणेल काहीच झालं नाही! वर तीन मीटरचा पाण्याचा डोंगर उभा आहे आणि खाली गेज गप्प. मग तो डोंगर कोसळून दोन्ही बाजूंना पसरायला लागतो, तीच त्सुनामी, आणि तशी सेन्सरवरची पाण्याची उंची उतरते, शेवटी तीन मीटर कमी होऊन थांबते. तो कमी झालेला दाब म्हणजे तळ किती वर आला त्याचं माप. तोहोकू विद्यापीठाच्या लोकांनी २०११ च्या आधीच खंदकाजवळ तळावर सेन्सर ठेवले होते, नंतर ते वर काढून वाचले तर एका जागी तळ पाच मीटर वर आलेला निघाला. म्हणजे एकच गेज लाटही सांगतो आणि जमीनही सांगतो, फक्त कुठलं काय ते आपण वेगळं करायचं. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, मग शेजारी दुसरा पाहिजे, एकट्याचं ऐकून चालायचं नाही. एस-नेटची १५० स्टेशनं याच साठी आहेत.

आता ती कंसातली गोष्ट, आकडा खरा असण्याची. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीला आमच्या एका टाकीची लेव्हल स्क्रीनवर ८१ टक्के दिसत होती आणि ऑपरेटरचा फोन आला की साहेब टाकी ओव्हरफ्लो होतेय, रस्त्यावर पाणी आलंय. पाणीच होतं, म्हणून निभावलं. जाऊन मॅनिफोल्डचा व्हॉल्व बंद केला, व्हेंट उघडला, म्हणजे ट्रान्समीटरवर आता कसलाच दाब नाही, शून्य दिसायला हवं. दिसले वजा एकोणीस. झिरो सरकला होता, गुपचूप, महिनोन्‌महिने. रोज थोडा थोडा सरकला तर कोणाच्याच लक्षात येत नाही, टाकी रिकामी होतेय की ट्रान्समीटर म्हातारा होतोय हे त्या एका आकड्यावरून सांगताच येत नाही.

समुद्रतळावरचे सेन्सरही असेच सरकतात. शेकडो किलोंच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं राहून धातू आणि क्वार्ट्झ जरा जरा दबतात, वर्षाला काही सेंटिमीटर पाण्याएवढा झिरो हलतो. त्सुनामीसाठी याने काही बिघडत नाही, ती मिनिटांची गोष्ट. पण मोठ्या भूकंपाच्या आधी प्लेटा अडकून ताण साठत असतो तेव्हा समुद्रतळही वर्षाला काही सेंटिमीटरच हलतो! नेमकं तेवढंच. म्हणजे जे मोजायचंय आणि जी चूक आहे, दोन्ही एका मापाचे, दोन्ही सावकाश. हे वाचलं तेव्हा मला ती रात्रपाळी आठवली.

आणि यावर जो उपाय काढलाय तो वाचून तर मी उठून येरझाऱ्या घालायला लागलो. सेन्सरला एक छोटा मोटरवाला व्हॉल्व लावायचा. एरवी सेन्सर समुद्राला जोडलेला. ठरलेल्या दिवशी व्हॉल्व फिरतो, समुद्र बंद, आणि सेन्सर त्याच्याच डब्यातल्या साध्या हवेला जोडला जातो, डब्यातली हवा एक वातावरण दाबाची आणि ती मोजायला तिथे वेगळा बॅरोमीटर. काही मिनिटं शून्याच्या आसपास काय दिसतं ते टिपायचं, बॅरोमीटरशी ताडून बघायचं, झिरो किती सरकला तो लिहायचा, परत समुद्राला जोडायचं. समुद्र, शून्य, समुद्र. अरे हे तर मी व्हेंट उघडून केलं तेच! फक्त तीन-चार किलोमीटर पाण्याखाली, माणसाशिवाय, वर्षानुवर्षं. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरातल्या केबलवर याची दीर्घ चाचणी झाली आणि सरकणं वर्षाला सेंटिमीटरच्या आत आणता आलं.

याची गरज का आहे ते न्यूझीलंडमध्ये दिसतं. गिझबोर्नच्या समोर २०१४ च्या मे महिन्यात एका आंतरराष्ट्रीय टीमने २४ प्रेशर सेन्सर तळावर सोडले, वर्षभरासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे संथ घसरण झाली, म्हणजे भूकंपात सेकंदांत सरकते तशी प्लेट दोन-तीन आठवडे घेऊन सरकली, हादरा शून्य, कोणाला काही जाणवलं नाही. सेन्सरांनी तळ दीड ते साडेपाच सेंटिमीटर वर आलेला पकडला. आणि ती घसरण खोलातून वर येत समुद्रतळ जेमतेम दोन किलोमीटर राहीपर्यंत, म्हणजे खंदकाच्या जवळपास तोंडापर्यंत पोचली होती. याच किनाऱ्यावर १९४७ च्या मार्चमध्ये एक विचित्र भूकंप झाला होता, धक्का बेताचा आणि त्सुनामी तातापोउरीला दहा मीटरपर्यंत. जपानमध्येही नंतर जुने सेन्सर चाळले तेव्हा २००८ मध्ये एक आणि २०११ च्या महाभूकंपाच्या आधीच्या काही आठवड्यांत एक अशा संथ घसरणी सापडल्या. याचा अर्थ भूकंप आधी कळतो असा अजिबात नाही, कितीतरी संथ घसरणी होतात आणि मागून काहीच येत नाही, तेव्हा व्हॉट्सॅपवर तसं काही आलं तर पुढे ढकलू नका. पण कुठला भाग अडकलाय आणि कुठला हळूच सुटतोय याचा नकाशा काढायचा तर खाली खरा झिरो असलेला गेज पाहिजे, हे नक्की.

आपल्याकडचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००४ नंतर हैदराबादला इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेत त्सुनामी केंद्र उभं राहिलं, ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे, आणि चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र-तंत्रज्ञानाच्या संस्थेने बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात तळाचे सेन्सर आणि वर बोये टाकलेत. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ चा झाला, चेन्नईत लोक ऑफिसांतून रस्त्यावर आले, सगळ्यांच्या मनात २००४. तो भूकंप आडवा सरकणारा होता, तळ फारसा उचलला गेला नाही, सेन्सरांवर लाट दिसली काही सेंटिमीटरची. २००४ मध्ये हे सांगणारं कोणीच नव्हतं.

आणि अरबी समुद्रात कशाला, असं कोणाला वाटत असेल तर २८ नोव्हेंबर १९४५. आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यावर, पसनीच्या समोर, पहाटे साडेतीनच्या सुमारास ८ च्या वर भूकंप झाला. त्याची लाट सकाळी मुंबईत आली, नोंदींमध्ये दोन मीटर उंचीचा उल्लेख आहे आणि पंधरा माणसं वाहून गेल्याचा. अपोलो बंदराच्या भरतीमापकावर त्या दिवसाची रेघ आहे, आजही शास्त्रज्ञ तीच रेघ घेऊन तो भूकंप नक्की किती लांब फाटला याचं गणित करतात. पहाटेपासून सकाळपर्यंतचे तास होते मध्ये. मी हे घरी सांगितलं तर कोणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नाही.

गणपतीत काकांच्या ओटीवर त्यांच्या जुन्या बोटीवरचा एक खलाशी आला होता, आता लांबच्या बोटीवर जातो, आठ-आठ दिवस समुद्रात. मी मोबाइलवर बोयाचा फोटो दाखवला तर म्हणाला असा पिवळा मी बघितलाय की, त्याला दोर बांधून रात्र काढायची बेस्ट जागा, आणि खाली मासळी असते, सावलीला जमते ना. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण दोर बांधला, बोट ओढली गेली, बोया सुटला किंवा त्याचा अँटेना मोडला की खालचा सेन्सर मुका. तो मोजतच राहतो, पण त्याचं ऐकायला कोणी नाही. दुरुस्तीला जहाज जायला कधी कधी महिने लागतात. आपल्या समुद्रातले बोये सगळ्यात जास्त याच कारणाने बंद पडतात.

मी त्याला सगळं सांगितलं, चारशे किलो, मिलिमीटर, कामाइशीची रेघ. तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत होता. मग म्हणाला, दादा यावर लिहिलंय ते इंग्लिशमध्ये आहे, आम्हाला वाटतं सरकारी काहीतरी, हवामानाचं असेल. काका म्हणाले, फोटो मला पाठव आणि खाली मराठीत चार ओळी लिहून दे, मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, जेट्टीवर पण लावू. त्या चार ओळी मी लिहून दिल्या. काकांनी त्यातला "सेन्सर" खोडून "पाणी मोजायचं यंत्र, ४०० किलोच्या दाबाखाली" असं केलं, आणि शेवटी स्वतःची एक ओळ घातली, की बांधू नका, लांबून जाळं टाका, मासळी तिथून कुठे जात नाही.